चिंधीवरची वाट

आयुष्यभर सरळ टिपा मारत आलेल्या शिंपीणबाईंना नागमोडी शिलाई काही केल्या जमेना. नवी दुलई बिघडू नये म्हणून त्या चिंध्यांवर हात बसवत होत्या, पण सुईखाली कापड फिरवता फिरवता रेघ पुन्हा आपली सरळ. त्यात नवऱ्याच्या येरझारा. विस्मरणाच्या आजारानं त्यांना स्वतःचंच घर परकं झालेलं. सकाळपासून दार, खिडकी, कपाट, पुन्हा दार. "अहो, बसा ना घटकाभर!" "घरी जायचंय," म्हणत ते पुन्हा निघाले. वैतागून बाई त्यांच्या पावलांकडं बघत राहिल्या आणि हात आपोआप त्या पावलांमागं कापड फिरवू लागले. दार, खिडकी, कपाट. रेघ पहिल्यांदाच मोकळी वळली. मशीन थांबलं तसे ते जवळ आले. शिलाईवरून बोट फिरवत फिरवत चक्क स्टुलावर टेकले. टीप संपली तिथं बोट अडलं. "आता पुढं?" त्यांनी विचारलं. बाईंनी नवी दुलईच सुईखाली घेतली.