दुसरा पोर्ट

विश्रांतवाडीच्या स्टुडिओत जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायच्या कॅसेटचं रेकॉर्डिंग होतं. शालनताईंचा कीबोर्ड कॉम्प्युटरला ऐकूच येईना. स्टुडिओवाल्या प्रज्ञेशचा मात्र वाजत होता. “ताई, तुम्ही बसा निवांत. तुमची चाल मीच वाजवतो.” चाल त्यांनी बांधली होती, बोटंही त्यांचीच असणार. त्यांनी उठून सगळ्या वायरी उपटल्या. “अहो, काय करताय?” “वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये हेच केलं. एकेक लाइन तपासायची.” त्यांनी फक्त आपली वायर कॉम्प्युटरला जोडलेल्या डबीच्या दुसऱ्या पोर्टला परत लावली. पट्टी दाबताच तिथला दिवा लुकलुकला. “वायर ठीक आहे. तुझ्या कॉम्प्युटरात बघ.” प्रज्ञेशनं पोर्टची यादी उघडली. पहिल्या, म्हणजे त्याच्या पोर्टपुढे टिक होती, दुसऱ्यापुढे केलीच नव्हती. त्यानं गुपचूप केली. शालनताईंची चाल स्पीकरमधून घुमली. “माझी वायर द्या,” त्यानं हात पुढे केला. ती त्यांच्या मुठीतच होती. “बस निवांत. माझं झालं की लावते.”