टोपपदराचा शंख

"टाक तो! पयलो टाक! जितो आसा!"

जाळ्यातला कचरा काढत बसलेली कोळीण उभी राहून ओरडली, तेव्हा परशराम शंख मुठीत धरूनच हसला. बेळगावच्या वडगावातल्या विणकराला वेंगुर्ल्याची बोली अर्धीच कळते. त्याच्या बायकोला, सुवर्णाला, मात्र त्या बाईचा चेहरा पाहूनच सगळं कळलं. तिने नवऱ्याचं मनगट धरून गदागदा हलवलं आणि शंख वाळूत पडला.

वादळ दोन दिवसांपूर्वी येऊन गेलं होतं. किनाऱ्यावर शिंपल्यांचा नुसता खच पडला होता आणि बेळगावहून टेम्पोने आलेली मंडळी पिशव्या भरभरून वेचत होती. परशरामने उचलला तो हा एकच शंख. पांढऱ्यावर तपकिरी टोपांची, म्हणजे टोकदार त्रिकोणांची ओळ, टोपपदराच्या साडीवर असते अगदी तशी. नक्षी दिसली की विणकराचा हात आधी जातो, अक्कल मागून येते. "समुद्रानं विणलंय गं, एक धागा चुकला न्हाय," असं म्हणत तो मघापासून त्यावरून अंगठा फिरवत होता.

"आत जिवंत गोगलगाय आहे, तिच्या तोंडात सुई असते," कोळीण आता सावकाश, त्यांना कळेल असं बोलली. "विषारी. आधी बोटं बधिर होतात, मग श्वास. आमच्या वाडीतलो एक गेलो तसो. लागली काय तुका?"

"न्हाय," परशराम म्हणाला. मग बोटांकडे पाहत राहिला. "न्हाय बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?" सुवर्णाने विचारलं.

"अगं, तीस वर्षं धागं सांधून बोटं मेल्यात माझी. सुई टोचली तर कळतंय कुठं?"

सुवर्णाने त्याचा अंगठा उजेडात धरून पाहिला. घट्टे, चिरा आणि त्यांच्या मधोमध एक लाल ठिपका. तो आजचा की कालचा, देवालाच ठाऊक.

शेजारच्या युवराजने टेम्पो दवाखान्याकडे काढला. बाकीची मंडळी किनाऱ्यावरच राहिली. मागच्या बाकावर सुवर्णाने पदराचा काठ दाताने तोडला, एक धागा ओढून काढला आणि त्याचे दोन तुकडे नवऱ्यापुढे धरले.

"सांधा."

"खुळी का काय तू? आपल्या मागावरची साडी हाय ती."

"सांधा म्हन्ते न्हवं!"

त्याने सांधले. दोन बोटांची एक फिरकी आणि गाठ तयार, तीही नजर रस्त्यावर असताना. सुवर्णाने गाठ ओढून पाहिली. मग दुसरा धागा. मग तिसरा. गाठ बसली की तिचा श्वास सुटायचा, नवा धागा पुढे केला की परत अडकायचा. सातव्या गाठीला ती जराशी हसलीसुद्धा.

आठव्या वेळी धागा त्याच्या बोटांतून निसटून पायाशी पडला.

तिचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहून परशराम खो खो हसला. "चेष्टा केली गं! किती भ्यायची ती!"

सुवर्णाने त्याच्या दंडावर फाडकन चापट मारली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तिचा हात आज पहिल्यांदा उठला. मग तिला रडू आलं आणि रडता रडता हसूही फुटलं. "असली चेष्टा करत्यात व्हय?" डोळे पुसून तिने पुढचा धागा काढला. "घ्या."

"आता पुरं," तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला. "पदर उसवलाय सगळा."

दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले होते.

सुवर्णा त्या हातांकडे बघत राहिली. मग पुढे वाकून युवराजला म्हणाली, "हॉर्नवरचा हात काढू नगंस रं, दवाखाना येईपत्तर."