आंधळीचा दिवा

"आंधळीला दिवा हवाय! तोही शब्बाथच्या रात्री!" मिल्काबाई कडाडल्या. आंधळी सून दुपारपासून कळा सोसत होती. तेल संपून दिवा विझला, वातीचा जळका वास नाकात गेला आणि तिनं अंगच आखडून घेतलं. पोर पुढं सरकेना. "आई, दिवा लावा ना," एवढंच तिचं चाललं होतं.

"माझ्या बोटांना डोळे आहेत, बये!" रेवदंड्यातल्या निम्म्या बेने इस्राएल ज्यू पोरांची नाळ त्यांनी कापली होती, पण शुक्रवारचा सूर्य बुडून शब्बाथ लागल्यावर काडी कधी ओढली नव्हती. नवराच तसा कडक. शब्बाथला कुणी चूल फुंकली, तर हसाजी त्या घरचं पाणीही घेत नसत.

दारात काडी ओढल्याचा आवाज आला. मिल्काबाईंनी वळून पाहिलं आणि आ वासला. उंबऱ्यापलीकडं हसाजी स्वतः कंदील पेटवत होते.

"अहो! शब्बाथ मोडलात?"

"बाळंतिणीच्या जिवापुढं शब्बाथ नाही. ती आंधळी असली तरी दिवा लावायचा, असं आपलं शास्त्रच आहे. म्हणून तर दुपारीच काडेपेटी इथं आणून ठेवली."

"पण हिला काय दिसणार?"

"मला नाही, आई," सून धापा टाकत म्हणाली. "तुम्हाला दिसतंय, एवढं कळलं की मला भीती नाही."

आजवर एकाही बाळंतिणीला मिल्काबाईंनी भीतीचं विचारलं नव्हतं. त्यांनी कंदील जवळ ओढला, सुनेचे गुडघे धरले.

"धीर मागून घेणारी बाई आहेस तू. तुझं पोर अडायचं नाही. काढ जोर!"