ग्रेटेचं चाक

ग्रेटेच्या चाकाचा आवाज बंद झाला होता, आणि आता घाट उतरायचा होता.

खिंडीच्या माथ्यावर दगडी भिंतीला सायकली टेकवून तिघी उभ्या होत्या. लिस्बेट संत्रं सोलत होती. मार्चचं कोवळं ऊन पाठीवर पडत होतं. घरी, दूर उत्तरेला विबोर्गला, रस्त्यांवर अजून बर्फ आणि मीठ होतं. म्हणून तर दर वर्षी या दिवसांत तिघी मायोर्का बेटावर यायच्या, आठवडाभर चढ चढून पाय तयार करायच्या आणि उन्हाळ्यात सायकल क्लबातल्या तरण्याताठ्या पोरींना मागे टाकायच्या. एरवी या माथ्यावर बोदिलइतकं खुशीत कुणी नसे. आज तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बोदिलला नजरेच्या मधोमध दिसेनासं झालं होतं. कडेचं सगळं दिसे. झाडं दिसत, भिंत दिसे. पण जिथे बघावं नेमका तिथेच धुरकट डाग. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा तिनं गाडी विकून टाकली आणि पर्यावरणासाठी विकली असं सांगितलं. लोकांनी इतकं कौतुक केलं की तिला मान वर करवेना. खरं काय ते तिनं क्लबातही कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सगळ्या फार गोड बोलल्या असत्या, आणि पुढच्या मार्चमध्ये तिला घरी ठेवून इथे आल्या असत्या. सायकल गेली तर आपल्यापाशी उरलं काय, हा विचारसुद्धा तिला सोसत नव्हता.

आजवर तिला तारलं होतं ते ग्रेटेच्या मागच्या चाकानं. त्याचं भिकार फ्रीव्हील, म्हणजे चाकाच्या मधली दातेरी चकती, पॅडल थांबलं रे थांबलं की असं टरटरायचं, की रस्त्यावरच्या मेंढ्या आपणहून बाजूला व्हायच्या. पुढे ग्रेटे, मागे बोदिल. भिंत डोळ्याच्या कोपऱ्यात धरायची, आवाज कानात धरायचा आणि निवांत उतरायचं. त्यातून ग्रेटेला एक खोड होती. वळण आलं, खड्डा आला, की ती पॅडल उलटं फिरवायची आणि चाक आणखीच बोंबलायचं. लिस्बेट म्हणे, साठी उलटली तरी हिला सायकल चालवता येत नाही. बोदिल मनातल्या मनात त्या खोडीचे आभार मानायची.

लिस्बेटला त्या आवाजाचा उबग आला होता. त्याला तेल घाल, म्हणून ती सांगून थकली. ग्रेटेचं उत्तर ठरलेलं, तेल महाग झालंय बाई. शेवटी काल संध्याकाळी लिस्बेटनं हॉटेलच्या सायकलवाल्याला गाठून गुपचूप फ्रीव्हील साफ करून घेतलं, ग्रीस भरून घेतलं आणि आज नाश्त्याच्या टेबलावर मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं. ग्रेटेचा चेहरा उतरला. हातातला पाव बशीत ठेवून ती बाहेर निघून गेली, ती निघायच्या वेळी धापा टाकत परतली. आपल्या सायकलला दुसऱ्यानं हात लावलेला कुणाला आवडेल, असं बोदिलला वाटलं. पण तिला स्वतःचीच चिंता पडली होती. चढाला वेग नसतो, तो कसाबसा निभावला. उतार निभावणार नव्हता.

लिस्बेटनं सालं खिशात कोंबली. आज कसं पाखरं ऐकत उतरू, असं म्हणत ती सायकलकडे वळली.

बोदिलनं हेल्मेटचा पट्टा लावला आणि पुन्हा काढला. खाली दरी होती, वर येणाऱ्या बसगाड्या होत्या. पायात गोळा आलाय म्हणून सांगता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. पण थापा मारून मारून ती दमली होती.

"मी नाही येत," ती म्हणाली. "मला दिसत नाही गं. दोन वर्षं झाली. मी ग्रेटेच्या चाकाच्या आवाजावर उतरत होते."

लिस्बेट जागच्या जागी थिजली. ग्रेटेनं जर्सीच्या मागच्या खिशातून एक गुंडाळलेला मोजा काढला आणि मोज्यातून एक घंटा काढली. मेंढीच्या गळ्यात असते तसली. मग खाली वाकून ती आपल्या सायकलच्या सीटखाली बांधायला लागली. घंटा खणखणली.

"हे काय आता?" लिस्बेटनं विचारलं.

"हॉटेलमागच्या मेंढपाळाकडून सकाळी मागून आणली," ग्रेटे गाठ आवळत म्हणाली. "हिनं काही सांगितलं नसतं, तरी काहीतरी थाप मारून बांधलीच असती. ते चाक जुनं झालं म्हणून वाजत नव्हतं गं, लिस्बेट. बोदिलनं गाडी विकली ना, तेव्हाच मला हिच्या डोळ्यांचा संशय आला, आणि त्याच आठवड्यात मी ते शोधून आणलं. विबोर्गची दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणे, बाई, लोक बिनआवाजाचं मागतात. आणि तू त्याला ग्रीस पाजलंस."

बोदिल भिंतीवर मटकन बसली. मग मला विचारलं का नाहीस, एवढंच ती म्हणू शकली. तू सांगेपर्यंत विचारायचं नाही असं ठरवलं होतं, ग्रेटे म्हणाली. बोदिलच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला रडू आलं, आणि रडता रडता हसूही फुटलं. मला कुणी सांगायचंत तरी, असं लिस्बेट दोनदा पुटपुटली. मग दोघींपैकी कुणीही न सांगता तिनं आपली सायकल सगळ्यात मागे घेतली, बोदिलच्या पाठीशी.

तिघी हळूहळू उतरायला लागल्या. घंटा पुढे चालली होती आणि बोदिल तिच्या मागे. पहिलं वळण आलं आणि मागून लिस्बेटचा आवाज आला.

"ग्रेटे, जरा जोरात वाजव की. इथे मागे काही ऐकू येत नाहीये."