कुणी उलटून पाहिला नाही

"गाल बघा मेल्याचे! कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखे," ओटच्या धिरड्याचा घास तोंडात धरून बेरिल पुटपुटली.

एनिडला हसू आलं नाही. बाकाच्या मधोमध ठेवलेला नवा जॉन बुल पाचही जणींकडे बघत होता. चिनी मातीचा जग, पण माणसाच्या छातीपर्यंतच्या आकाराचा: काळी टोपी, जाड मान, छातीवर इंग्लंडचा झेंडा. जॉन बुल म्हणजे इंग्लंडचं तोंड, आणि ते रंगवण्यातच त्यांची हयात गेली होती. "नमुना आहे. चहा पिता पिता बघून ठेवा," एवढंच बोलून साहेब गेले होते.

चिनी मातीवर जगणाऱ्या बर्स्लेम गावची माणसं बुडावरचा, भांडं कुठलं ते सांगणारा शिक्का वाचल्याशिवाय कपाला तोंड लावत नाहीत. बेरिलने तर नवऱ्याच्या मयताच्या जेवणात सँडविच बाजूला ठेवून बशी उलटून पाहिली होती. आज मात्र सगळ्यांचे हात मांडीवर होते.

"टोपीचा काळा बरा बसलाय," मॉरीन म्हणाली.

"वजनाला हलका असेल," दुसरी एक म्हणाली. उचलला तिनेही नाही.

शिक्क्यावर कुठल्या गावाचं नाव आहे, ते एनिडला न वाचताच कळलं होतं. बुबुळावर, जरा डावीकडे, पांढरा ठिपका. ब्रशच्या केसांनी नव्हे, दांड्याच्या टोकाने टेकवलेला. तसा ठिपका कारखान्यात ती एकटीच द्यायची. गेल्या वसंतात समुद्रापलीकडून तीन पोरी शिकायला आल्या होत्या. साहेबांनी त्या तिच्या हवाली केल्या, आणि तिनेही हातात हात धरून, जीव लावून शिकवलं. पोरी गुणाच्या होत्या. त्यांनी परत गेल्यावर नाताळचं कार्डही पाठवलं.

नाताळानंतर शेजारची दोन बाकं रिकामी झाली. आता उरलं होतं हे एकच.

कुणी बोलू नका गं, ती मनात घोकत होती. मॉरीन खिडकीबाहेर बघत होती. बाकीच्या दोघी कपात. तिच्याकडे बघत होता तो फक्त जॉन बुल.

जिन्यावर साहेबांचे बूट वाजले. बेरिलने एप्रनला बोटं पुसली. जॉन बुलला न शिवता तिने हात एनिडच्या खांद्यावर ठेवला.

"डोळे तुझे आहेत गं, एनिड."