नोटा की कार्ड, ते आधी ठरू दे

"सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल," ओरेस्ट म्हणाला, "पण मेक्सिकोतल्या एका पैशाच्या मशीननं मला कोपरापर्यंत गिळलं होतं."

कॅफेतल्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेल्या हार्वी आणि लेस्टरनं कप खाली ठेवले. शेती पोरांच्या हवाली केलेली ही माणसं. या टेबलावर कुणी कुणाला 'खोटं' म्हणत नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवानचा हिवाळा लांब असतो. नुसत्या खऱ्यावर तो निघत नाही.

ओरेस्टची बायको व्हर्ना मात्र टेबलाशी उभीच होती. कोटाची चेन गळ्यापर्यंत, टोपी कानांवर. बाहेर गाडी चालूच ठेवून आली होती. या थंडीत बंद केली तर परत सुरू होईल याचा भरवसा नाही. उद्या सकाळी दोघांचं मेक्सिकोचं विमान होतं, आणि रस्त्यापलीकडची पतसंस्था चारला बंद व्हायची.

"ओरेस्ट, साडेतीन होऊन गेले. नोटा घे, कार्ड घे, काय हवं ते घे, पण ऊठ."

"अगं, तेच तर चाललंय. नोटा की कार्ड, ते आधी ठरू दे."

"नाताळापासून ठरतंय ते."

"वहिनी, बसा ना घटकाभर," हार्वी म्हणाला.

"बसायला नाही आले मी, हार्वी. याला उठवायला आलेय."

ओरेस्टनं ते ऐकलं नाही. "तर काय, मी कार्ड आत घातलं. मशीन स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारायला लागलं. आता आपण भली माणसं. कुणी काही विचारलं की 'हो' म्हणायचं. मी 'हो' दाबलं. कार्ड गेलं आत. मी हात घातला, तर हातही गेला. घड्याळासकट."

"मग सुटलास कसा?" लेस्टरनं विचारलं.

"साबण. हॉटेलातला साबण लावून दोन पोलीस ओढत होते. तेव्हापासून हा हात जरा लांबच आहे." त्यानं दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. लेस्टर वाकून बघायला लागला.

"लांब आहे खरा," तो म्हणाला.

"अरे, त्यानं एक खांदा पुढे काढलाय," व्हर्ना म्हणाली. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

"म्हणजे नोटाच बऱ्या म्हणायच्या," हार्वी म्हणाला.

"नोटा? अरे, आपल्या नोटा प्लॅस्टिकच्या! आणि तिथलं ऊन म्हणजे काय थट्टा आहे? मागच्या खिशात नोटांची गड्डी ठेवून समुद्रावरच्या लोखंडी बाकावर टेकलो. उठतो तर काय, सगळ्या आक्रसून चिंचोक्याएवढ्या! नोटेवरची राणी पार तान्ही झालेली. दुकानदारानं भिंग लावून बघितली आणि म्हणाला, 'आजोबा, ही जरा मोठी होऊ दे, मग घेऊन या.'"

हार्वीनं हसता हसता कॉफी सांडली.

"सुटी नाणी तरी?" लेस्टरनं विचारलं. त्याच्या आवाजात थोडी काळजी होती. "मी तर तिथल्या वेटरला बक्षिसी म्हणून आपलीच मूठभर नाणी दिली होती."

"आपली नाणी तिथली बँक घेत नाही, लेस्टर. त्या बिचाऱ्यानं पोराच्या खेळण्यातल्या ट्रकला चाकं करून लावली असतील."

लेस्टरचा चेहरा पडला.

"तेव्हा कार्डात अर्थ नाही, नोटांत नाही, नाण्यांत नाही," ओरेस्ट म्हणाला. "मग राहिलं काय? घर." आणि त्यानं रिकामा कप काउंटरच्या दिशेनं उंच धरला.

व्हर्नानं तो कप त्याच्या हातातून काढून टेबलावर पालथा घातला.

"झालं तुझं?"

"अजून शार्क राहिलाय."

"गेल्या वर्षी तू मेक्सिकोला गेलाच नव्हतास, ओरेस्ट."

हार्वी खिडकीबाहेर धूर सोडणाऱ्या गाडीकडे बघायला लागला.

"पाकीट गाडीत राहिलं म्हणून विमानतळाबाहेर गेलास, तो घरी येऊन झोपलास. दुसऱ्या दिवशी इथे, या खुर्चीत. ह्या दोघांना ठाऊक आहे ते. मेक्सिकोला मी गेले होते. एकटी. मशीननं गिळलं ते कार्ड माझं होतं. होते नव्हते ते पैसे त्या एका कार्डावर. हात कुणाचा अडकला नाही, पोलीस आले नाहीत, कुणीच आलं नाही. मशीनसमोर उभी राहून रडत होते ती मी. घरी येऊन तुला सांगितलं, त्याची तू ही गंमत केलीस."

ओरेस्टनं टेबलावरचे हात हळूच मांडीवर घेतले. "अगं, म्हणून तर म्हणतो, आधी नीट ठरू दे..."

"ठरलंय. पतसंस्थेतल्या पोरीला विचारून आलेय मी. नोटा एकाच्या खिशात, कार्ड दुसऱ्याच्या. त्याला माणसं दोन लागतात, गाढवा."