पत्र्यावरची थाप

आधी घड्याळाचं ‘पिप’ वाजलं, मग चढाईच्या भिंतीच्या वरच्या टोकाला ठोकलेल्या पत्र्यावर पुजाची थाप पडली.

“बारा पॉइंट एक!” परीक्षक विकासने ओरडून सांगितलं.

शेजारी बसलेल्या चांगुणाबाईंनी कान टवकारले. वसमतच्या याच मैदानावर त्यांनी तीस वर्षं मुलींना खेळ शिकवला होता. निवृत्तीनंतरही चाचणीला त्यांना मानाने बोलवत. आजही शाळेची शिपाईण कमलबाई त्यांना हाताला धरून खुर्चीपर्यंत घेऊन आली होती.

२००३ सालची ती चाचणी भिंतीवर वेगाने चढणाऱ्या मुलींची होती. सकाळी वजन, पुल-अप्स, बारला लटकणं झालं. शेवटी दोघीच उरल्या, दिपा आणि पुजा. राज्याच्या शिबिरात जागा मात्र एक. दिपाची वेळ बारा पॉइंट सहा होती. तिच्या वेळेला ‘पिप’ अगदी थापेबरोबर वाजलं होतं.

“विकास, पोरीचा हात पत्र्याला लागायच्या आत तू बटण दाबलंस.”

“न्हाई बाई. काहून असं बोलून राहिल्या?”

“पुजा तुझ्या साडूची पोर ना?”

विकास जवळ सरकला. त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास आला, तसा बाईंनी नाकाला पदर लावला. हा क्रीडाशिक्षक त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

“थू तुझ्या मास्तरकीवर! आण ते घड्याळ इकडं. पोरीला अर्धा तास बसू दे, मग पुन्हा चढू दे.”

पुजा पुन्हा कमरेला दोर बांधून उभी राहिली. शिट्टी झाली तसं बाईंनी स्वतःच बटण दाबलं. या वेळी थाप आणि ‘पिप’ एकाच क्षणी वाजले.

बाईंनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं.

“तेरा पॉइंट दोन.”

“बघू तरी,” विकासने हात पुढे केला.

“लांब हो. किळस येते मला तुझी.” त्यांनी घड्याळ मुठीत झाकलं.

पुजा खाली उतरली. पकडीसाठी लावलेल्या पांढऱ्या भुकटीच्या हातांनीच तिने डोळे पुसले.

“बाई, माझा पाय एकदाबी घसरला न्हाई. इतक्या जोरात तर मी आजवर चढले न्हाई.”

“ते तुझ्या या विकासकाकाला सांग.”

तिचे वडील पुढे आले. त्यांची मान खाली होती. “चल पोरी. बाई बोलल्या म्हंजे बराबरच असंल.”

यादीत दिपाचं नाव लिहिलं गेलं. तिची आई बाईंच्या पाया पडली. विकास निघून गेला.

मैदान रिकामं झाल्यावर बाईंनी मूठ उघडली.

“कमल, वाच गं जरा. दोन वर्षं झाली, मला आकडे दिसतच नाहीत. पण तेराच्या खाली काही नसणार.”

कमलबाईने घड्याळ उन्हात तिरकं धरलं.

“अकरा पॉइंट नऊ, बाई.”